ट्रायकोकार्डावर माशी निघण्याची तारीख छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका कापूस उत्पादक शेतकरी बंधूंचं पत्र वाचलं. योजनेतून मिळालेली ट्रायकोकार्डं, म्हणजे बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती संपवणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीची कागदी कार्डं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे पऱ्हाटीच्या पानांना टाचली, कुणीतरी येऊन फोटो काढून नेला, आणि ऑक्टोबरात बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी बोंडअळी होतीच. गांधीलमाश्यांच्या नावानं कागदाचे तुकडे वाटणं बंद करा आणि त्या पैशात फवारणीचं औषध द्या, अशी त्यांची मागणी आहे. त्यांचा संताप मला कळतो. पण मागणी मान्य झाली तर नुकसान त्यांचंच आणि आम्हा सगळ्यांचं आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी कापायचंच झालं तर माझी तक्रार कापा, माहिती ठेवा.

माझी ओळख एवढीच, की ही कार्डं मी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी तयार केली आहेत. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. मित्रकीटकांच्या एका लहान प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले आणि काम करता करता शिकले. घरची कोरडवाहू कपाशी आहे. त्यामुळे कार्ड तयार होतं ती जागाही माहीत आहे आणि ते टाचलं जातं ती जागाही. या दोन जागांच्या मधल्या प्रवासाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि घोळ सगळा तिथंच होतो.

आधी कार्डावर असतं काय, ते सांगते. खसखशीहून बारीक काळे ठिपके दिसतात ती पतंगाची अंडी. बोंडअळीच्या पतंगाची नव्हेत. साठवणीच्या धान्यात जाळी करणाऱ्या कॉर्सायरा नावाच्या पतंगाची. तो बंदिस्त जागेत सहज वाढतो म्हणून त्याला पाळायचं. भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, त्यात शेंगदाण्याचं कूट, थोडं यीस्ट, बुरशी आणि जिवाणू येऊ नयेत म्हणून गंधक आणि स्ट्रेप्टोमायसिन. अशा ट्रेमध्ये कॉर्सायराची अंडी सोडली की साधारण ४० दिवसांनी पतंग निघायला लागतात. ते रोज पकडायचे, जाळीच्या डब्यात अंडी घालायला ठेवायचे, पडलेली अंडी चाळून साफ करायची. पतंगांच्या पंखांवरचे खवले खोलीभर उडतात. तोंडाला फडकं बांधूनही आमच्यातल्या काही जणींचा खोकला हटला नाही. मित्रकीटक म्हणजे अगदी निरुपद्रवी काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी पतंग निघायच्या दिवसांत एकदा तिथं उभं राहून पाहावं.

साफ झालेल्या अंड्यांवर अतिनील दिव्याचा प्रकाश द्यायचा. त्यानं आतला गर्भ मरतो, अंडं तसंच राहतं. हे केलं नाही तर कार्डातून माश्यांच्या आधी कॉर्सायराच्या अळ्या निघतील आणि शेजारची चांगली अंडी खाऊन टाकतील. मग डिंक लावलेल्या कार्डावर ही अंडी भुरभुरायची. एका कार्डावर सुमारे १८ ते २० हजार. ही कार्डं ट्रायकोग्रामाच्या प्रौढ माश्यांबरोबर बंद पिशवीत ठेवली की मादी एकेका अंड्यावर चढते, शृंगिकांनी चाचपून बघते आणि आत आपलं अंडं घालते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात. काळं पडलं म्हणजे आत माशी वाढते आहे, पांढरट राहिलं म्हणजे ते वाया. सातव्या-आठव्या दिवशी अंड्याला गोल भोक पाडून माशी बाहेर येते. एक मिलिमीटरपेक्षाही लहान. ती माणसाला चावत नाही, डंख मारत नाही. गांधीलमाशी म्हटल्यावर कार्ड हातात घ्यायला कचरणाऱ्या बायकांना हे आधी सांगावं लागतं.

गंमत म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा सर्वांत मोठा शत्रूही एक गांधीलमाशीच. ब्रेकॉन तिचं नाव. ती अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. शेतात ती आपली मित्र. पण कॉर्सायराच्या ट्रेपर्यंत पोहोचली की तिथल्या अळ्यांचा फडशा पाडते आणि महिनाभराची मेहनत जाते. खिडकीच्या जाळीचं एक भोक आमच्या साहेबांना दहा फायलींपेक्षा महत्त्वाचं वाटायचं, ते उगाच नाही.

हे सगळं सांगितलं ते त्या सात-आठ दिवसांसाठी. कार्ड काळं पडून तयार झालं की माशी निघायला तीन-चार दिवसच उरलेले असतात. फ्रिजमध्ये ५ ते १० अंशांवर ठेवून काही दिवस लांबवता येतं, पण फार लांबवलं तर माश्या अशक्त निघतात किंवा निघतच नाहीत. खताच्या पोत्याचा गोदामात महिना निघतो. कार्डाचा बाहेर आठवडाही निघत नाही.

आता वाटप कसं होतं ते पाहा. गावाकडून मागणी, वरून मंजुरी, निविदा काढून खरेदी. पुरवठादार लांबच्या शहरातला. कार्डं पार्सलनं येतात, ती नेमकी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. सुट्टी संपते तर पाहुण्यांना वेळ नसतो, आणि पाहुण्यांशिवाय वाटप करायचं नसतं. अशा एका कार्यक्रमात मी शेतकरी म्हणून रांगेत उभी होते. हातात आलेलं कार्ड पर्समधल्या भिंगाखाली धरलं, तर जवळजवळ प्रत्येक काळ्या अंड्याला भोक. माश्या कधीच्या निघून कार्यालयाच्या कपाटात मरून गेल्या होत्या. मंडपात टाळ्या चालू होत्या. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. तिथला कर्मचारी भला माणूस होता. त्याला कपाटाऐवजी फ्रिज दिला असता तर त्यानं फ्रिजमध्ये ठेवली असती. पार्सलवर 'थंड जागी ठेवा' एवढंही लिहिलेलं नव्हतं, मग त्याला कळणार कसं?

पत्रलेखक बंधूंच्या कार्डाचं काय झालं ते मला माहीत नाही. पण त्यांच्या पत्रात कार्ड कधी मिळालं ते आहे, माश्या कधी निघणार होत्या ते नाही. याचं कारण बऱ्याचदा ते कार्डावर छापलेलंच नसतं. कीटकनाशकाच्या डब्यावर उत्पादनाची तारीख, मुदत, बॅच क्रमांक सगळं असतं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली बुरशी, जिवाणू, विषाणू यांच्यापासून केलेल्या जैविक कीटकनाशकांनाही नोंदणी करावी लागते. जिवंत परोपजीवी कीटकांना ती लागत नाही. ती लावा असं मी मुळीच म्हणणार नाही. नोंदणीच्या खर्चात बचत गटांच्या आणि लहान प्रयोगशाळा बंद पडतील आणि मैदान मोठ्या पुरवठादारांना मोकळं होईल. पण सरकार ज्या कार्डाचे पैसे मोजतं, त्या कार्डाच्या मागे रबरी शिक्क्यानं तीन गोष्टी मारायला कायदा कशाला हवा? माशीची प्रजाती, शंभरातली किती अंडी काळी, आणि माश्या कोणत्या तारखेला निघणार. खरेदीच्या अटींत एवढं घाला, आणि ती तारीख उलटलेलं कार्ड घ्यायचं नाही असा शेतकऱ्याला हक्क द्या.

प्रजाती का, तेही सांगते. गुलाबी बोंडअळीसाठी शिफारस आहे ती ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री या माशीची. उसाच्या खोडकिडीसाठी सर्रास वापरतात ती ट्रायकोग्रामा चिलोनिस. दोन्हींचं कार्ड डोळ्यांना सारखंच दिसतं. उसाचं कार्ड कपाशीत टाचलं गेलं तर फोटोत काय कळणार आहे?

आणि मात्रा. शिफारस हेक्टरी दीड लाख अंड्यांची, म्हणजे एकरी ६० हजार, म्हणजे एकरी तीन कार्डं. तीही एकदा नव्हे, काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा, कारण प्रौढ माशी थोडेच दिवस जगते. आमच्या रांगेत खातेदारामागे एक कार्ड मिळालं. पाच एकर असो की एक. मग ते कार्ड अख्खंच बांधावरच्या एका झाडाला टाचलं जातं. ही माशी काही मीटरच उडते. कार्डाच्या पट्ट्या कापून त्या वावरभर पसरवाव्या लागतात, पानाच्या खालच्या बाजूला, म्हणजे ऊन आणि पाऊस लागत नाही. भर दुपारी टाचली तर माशी निघताच उन्हानं मरते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी टाचावी. शिवाय मुंग्या आहेतच. कार्डावरची अंडी त्यांना मेजवानी वाटते. माश्या निघायच्या जेमतेम एक दिवस आधी टाचलं तर मुंग्यांना फार वेळ मिळत नाही. हेही तारीख माहीत असेल तरच जमतं.

इतका खटाटोप करण्यापेक्षा औषध मारलेलं काय वाईट, असं पत्रलेखक विचारतील. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत याचं उत्तर सोपं आहे. तिचा पतंग पात्यांवर (कळ्यांवर), फुलांवर आणि हिरव्या बोंडांवर एकेक किंवा थोडी थोडी अंडी घालतो. तीन ते पाच दिवसांत अंडं फुटतं आणि अळी लगेच पात्यात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून जाळीनं बांधून टाकते, त्याची डोमकळी होते. बोंडात शिरली तर वरचं छिद्र बुजून जातं. बोंड बाहेरून टवटवीत दिसतं आणि आत सरकी खाल्ली जाते. त्या अवस्थेत पंपातून काहीही मारा, अळीला ते लागत नाही. ती उघड्यावर असते ती फक्त अंड्यात असताना आणि पतंग झाल्यावर. अंड्याच्या त्या चार दिवसांत तिला गाठणारं आपल्याकडे कोण आहे? पंप घेतलेला माणूस पाकळीच्या आणि पात्याच्या बेचक्यातलं अर्ध्या मिलिमीटरचं अंडं शोधू शकत नाही. ही माशी शोधते, आणि तेच तिचं पोटापाण्याचं काम आहे.

बीटीनं, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीनं, हे काम आपल्यासाठी काही वर्षं केलं, म्हणून आपण विसरलो. २००२ मध्ये पहिलं बीटी वाण आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं. अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या थांबल्या हे खरं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण गुलाबी बोंडअळीनं आधी एका जनुकाला आणि मग दोन्हींना दाद देणं सोडलं. २०१७ चा हंगाम आपल्या वाचकांना आठवत असेल. विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, तोंडाच्या पातळीवर फवारा धरून, दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारणी चालली होती. तेव्हा 'कार्ड नको, औषध द्या' ही मागणी मला नुसती चुकीची वाटत नाही, तिची भीती वाटते.

औषध आणि माशी एका वावरात नांदत नाहीत. ऑरगॅनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड गटांतली औषधं तर तिच्यासाठी मरणच आहेत. कार्ड टाचायच्या आधी आणि नंतर काही दिवस त्यांना सुट्टी द्यावी लागते. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी फारच गरज पडली तर निंबोळी अर्क त्यातल्या त्यात कमी घातक. इथं गाडं अडतं, हे मी मान्य करते. माझ्या वावरात मी फवारणी थांबवली तरी शेजारच्या बांधापलीकडून फवारा येतोच. माझ्या दिरांनीच एकदा, माझ्या पट्ट्या टाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, लगतच्या धुऱ्यापर्यंत औषध मारलं. भांडण झालं, पण भांडून माश्या परत येत नाहीत. म्हणून कार्ड खातेदाराला देण्यात अर्थ नाही, गावाला द्यायला हवं. एका शिवारात, एकाच आठवड्यात, फवारणी थांबवून.

हे नवीन डोकं मी चालवत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात, बीटी यायच्या आधी, राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रानं गावकऱ्यांना घेऊन अख्ख्या गावाच्या कोरडवाहू कपाशीवर हेच केलं होतं: ट्रायकोग्रामाचं प्रसारण, निंबोळी अर्क, विषाणूजन्य औषध, सापळे, आणि रासायनिक औषध सगळ्यांत शेवटी. कीटकशास्त्राच्या वर्गात आजही आष्ट्याचं उदाहरण देतात. पुढं बीटी आलं आणि गावागावात आष्टा करायची गरज कुणाला वाटली नाही. आता बीटी गुलाबी बोंडअळीपुरतं निकामी झालं आहे, तरी आपण आष्ट्याकडे परतलो नाही. मधल्या काळात आपण गेलो ते थेट आणखी महागड्या औषधांकडे.

दुसरं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. २००६ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकूण आला होता. पऱ्हाट्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, औषध मेणचट अंगावरून घसरून जायचं, आणि लोक हतबल झाले होते. थोड्याच वर्षांत तो बराच आटोक्यात आला. त्यात मोठा वाटा एका बारीक गांधीलमाशीचा होता. ती कुणी आणली नव्हती, कुणी पाळली नव्हती, ती पिठ्या ढेकणाच्या मागोमाग आपणहून आली. २००९ मध्ये तिचं एनासियस बांबावालेई असं नामकरण झालं, डॉ. ओ. एम. बांबावाले या शास्त्रज्ञांच्या नावावरून; पुढं ती अमेरिकेत आधीच नोंदलेली जात निघाली, ते सोडा. पिठ्या ढेकणाच्या आत ही माशी वाढली की तो फुगून तपकिरी, टणक होतो. अशी झालेली 'ममी' मी दिसेल त्याला दाखवत सुटायचे. या माशीसाठी निविदा निघाली नाही, कुणाच्या हस्ते उद्घाटन झालं नाही. फवारण्या कमी झाल्या तिथं तिनं काम केलं. माझ्या मते कार्डावर पैसे खर्च करण्याआधी सरकारनं करायची गोष्ट हीच आहे: जुलै-ऑगस्टमधल्या पहिल्या दीड-दोन महिन्यांतल्या बिनकामाच्या फवारण्या थांबवणं. शेतात आधीपासून असलेल्या माश्या, कोळी, ढालकिडे तेव्हाच मारले जातात, आणि नंतर त्यांच्या जागी आपण कार्ड विकत घेतो.

कार्ड कुठं तयार व्हावं याचंही उत्तर आपल्याच राज्यात आहे. काही साखर कारखान्यांनी उसासाठी स्वतःच्या मित्रकीटक प्रयोगशाळा चालवल्या. कारखान्याला ऊस हवा असतो, सभासदाचं नुकसान ते कारखान्याचं नुकसान, आणि कार्ड तयार झालं की ते गटाच्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी फडात जातं. कापसाला असा मालक नाही. जिनिंगवाल्याला गाठी मिळाल्या की झालं. कापूस किडका निघाला तर भाव पाडायचा, संपलं. त्यामुळे कपाशीचं कार्ड कुणाचंच नाही. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोला आणि परभणीला कृषी विद्यापीठं आहेत, मूळ माश्यांची शुद्ध पैदास तिथून मिळू शकते. पण अंतिम कार्ड तालुक्यात तयार झालं पाहिजे. त्याला फार यंत्रसामग्री लागत नाही. खोली थंड राहायला हवी, जाळ्या धड हव्यात, आणि रोज हजर राहणारी माणसं हवीत. बायकांच्या गटांना हे काम उत्तम जमतं, मी पाहिलं आहे. अडचण येते ती दुसरीच. कॉर्सायरा चाळीस दिवस आधी लावावा लागतो आणि खरेदीचा आदेश येतो तेव्हा कपाशी फुलावर असते. जूनमध्ये पक्की मागणी दिली तर ऑगस्टमध्ये माशी मिळते. ऑगस्टमध्ये मागणी देऊन ऑगस्टमध्येच माशी मागणाऱ्या खात्याला ती लांबच्या पुरवठादाराच्या शिल्लक मालातूनच मिळणार.

कार्डाची मर्यादाही सांगून टाकते, नाहीतर हे पत्र जाहिरात ठरेल. हिरवी बोंडं मोठी झाल्यावर पतंग अंडी घालतो ती बोंडाच्या देठाकडच्या पाकळीखाली, खाचेत. तिथं माशीलाही शोधणं अवघड जातं. म्हणून कार्डाचा खरा उपयोग हंगामाच्या सुरुवातीला, पाते-फुलांच्या काळात आहे. ऑक्टोबरात टाचलेलं कार्ड फारसं काही करत नाही. अळी बोंडात गेल्यावर तर मुळीच नाही. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही पुन्हा बोंडं धरायला कपाशी उभी ठेवली, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या, तर पुढच्या वर्षीची अळी आपणच सांभाळतो, आणि एकरी तीनाऐवजी तीस कार्डं लावली तरी भागणार नाही. अमेरिकेनं २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. त्यांनी बीटी, वंध्य केलेले पतंग, कामगंधानं (मादीच्या कृत्रिम वासानं) मिलनात अडथळा आणि पऱ्हाट्या वेळेत नष्ट करणं हे सगळं एकदम, वर्षानुवर्षं राबवलं. एकट्या कार्डावर कुणी जिंकलेलं नाही. पण आपल्यासारख्या लहान तुकड्यांच्या कोरडवाहू शेतीत, पंप पाठीवर न घेता पहिल्या पिढीची अंडी कमी करण्याचा हा उपाय फेकून देण्यासारखा नक्कीच नाही.

पत्रलेखक बंधूंना एक विनंती. पुढच्या वेळी कार्ड हातात आलं तर टाचण्याआधी त्याचा नखाएवढा तुकडा कापा, काचेच्या स्वच्छ बाटलीत टाका, तोंडाला कापसाचा बोळा घट्ट बसवा आणि बाटली उजेडाच्या बाजूला पण उन्हाबाहेर ठेवा. दोन-तीन दिवसांत काचेच्या उजेडाकडच्या बाजूला धुळीसारखे चालते ठिपके दिसले तर कार्ड जिवंत आहे. काहीच दिसलं नाही, किंवा आधीच सगळ्या अंड्यांना भोकं आहेत, तर तो तुकडा घेऊन ज्यांनी दिला त्यांच्या टेबलावर ठेवा. फोटो काढायचाच असेल तर तोही तेव्हाच काढा.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. कार्ड कधी टाचायचं हे कॅलेंडर सांगत नाही, कामगंध सापळा सांगतो. एकरी दोन सापळे. त्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग दिसू लागले की माशी सोडायची वेळ झाली. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग म्हणजे नुकसानीची पातळी ओलांडली, तिथपर्यंत थांबलात तर उशीर झाला. प्रत्येक शेतकरी सापळा लावणार नाही, रोज मोजणार तर नाहीच. पण राज्याचा क्रॉपसॅप हा कीडरोग सर्वेक्षणाचा प्रकल्प २००९ पासून कपाशीवरच्या किडींच्या नोंदी गोळा करतो आहे. त्या नोंदी संगणकात जातात, सल्ला होऊन मोबाइलवर येतात, आणि शंभर शुभेच्छा संदेशांखाली गाडल्या जातात. आपल्या अंकात पावसाची तालुकावार आकडेवारी रोज छापून येते. जुलै ते ऑक्टोबर, आठवड्यातून एकदा, त्याच पानावर तालुकावार पतंगांची संख्या छापता येईल का? कृषी खात्याकडून ती मागून घ्यावी लागेल आणि पहिल्या दोन-तीन वेळा ती उशिरा येईल. तरी मागावी. आमच्या गावात पेपर चावडीवर वाचला जातो; ऑगस्टमध्ये आकडा वर चढला तर त्याच संध्याकाळी कार्डाची विचारणा सुरू होईल, आणि विचारणा झाली तर तालुक्याला कार्ड वेळेत तयार ठेवावं लागेल.

आपली,
मित्रकीटक प्रयोगशाळेत काम केलेली एक कापूस उत्पादक
(नाव प्रसिद्ध करू नये)